फेस एक दिवसाआड का बसतो?

सोमवारी दाढीचा फेस असा, की ब्रश वाटीत उभा राहावा. मंगळवारी तीच वाटी, तोच ब्रश, तेच क्रीम, आणि डावा गाल उरकून उजव्या गालाकडे वळेपर्यंत तोंडावर नुसतं पांढुरकं पाणी. बुधवारी पुन्हा झकास. गुरुवारी पुन्हा बोंब.

हे दुखणं माझ्या भाच्याचं. नोकरीसाठी इंदूरला आला आणि सुदामा नगरात आमच्याकडेच राहतो. रेझरची महागडी कार्ट्रिजं परवडेनात आणि गळ्यावर पुरळ उठायला लागलं, म्हणून त्याने जुन्या पद्धतीचा रेझर, ब्रश आणि स्टीलची वाटी घेतली. पहिल्या आठवड्यातच त्याने निकाल दिला, "मामा, ब्रश फालतू निघाला." गेला आणि दुप्पट किमतीचा दुसरा ब्रश घेऊन आला. दुसऱ्या दिवशी फेस असा चढला की पठ्ठ्या आरशासमोरून हलेना. म्हणजे ब्रशच खराब होता, हे सिद्ध! त्याच्या पुढच्या दिवशी नव्या ब्रशनेही दगा दिला, तेव्हा त्याने ब्रश सोडून क्रीमला शिव्या द्यायला सुरुवात केली.

मी तीसेक वर्षं ब्रशनेच दाढी करतोय, पण खरं सांगायचं तर मलाही कारण लगेच सुचलं नाही. सुचलं ते त्याच्या मामीला. भाचा सकाळी सकाळी कुरकुरत होता, तेव्हा ती स्वयंपाकघरातून म्हणाली, "काल बोरिंगचं पाणी होतं रे वरच्या टाकीत. त्या पाण्यात माझी तूरडाळ शिजत नाही, तुझा फेस कुठून टिकणार?"

झालं. रोग तिथेच सापडला.

बाहेरगावच्या वाचकांसाठी थोडं सांगतो. इंदूरला नर्मदेचं पाणी 1978 पासून येतंय. मंडलेश्वरजवळच्या जलूदहून पंपांनी विंध्य चढवून, सत्तरेक किलोमीटर लांबून आणलेलं पाणी. ते बऱ्याच वस्त्यांत एक दिवसाआड येतं. आमच्याकडे नळ आले की हौद भरतो, हौदातून गच्चीवरची टाकी भरते. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत टाकी तळाला लागते आणि मग कोणीतरी बोरिंगचं बटन दाबतं. म्हणजे आंघोळ, कपडे आणि दाढी एक दिवस नर्मदेत, एक दिवस बोरिंगमध्ये. पाहुणे आले, कपडे जास्त निघाले की हे चक्र पुढेमागे सरकतं, म्हणून भाच्याला त्यात नेम दिसला नाही. कॅलेंडरवर फेसाच्या दिवशी बरोबरची खूण आणि फजितीच्या दिवशी फुली मारायला सांगितली. शेजारी मामीने नळाचे दिवस लिहिले. दहा दिवसांत दोन्ही रांगा जवळपास जुळल्या.

माळव्याखाली बेसाल्टचा काळा दगड आहे. त्यातून झिरपताना पाणी कॅल्शियम आणि मॅग्नेशियम घेऊन येतं. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात अशा पाण्याला 'दुष्फेन' आणि चांगल्या पाण्याला 'सुफेन' म्हणतात. तेव्हा आम्ही हे शब्द परीक्षेपुरते पाठ केले. पण शब्दातच सगळं आलंय: ज्यात फेस नीट होत नाही ते दुष्फेन. नर्मदेचं पाणीही अगदी मऊ नाही, पण आमच्या बोरिंगपुढे ते साधूच. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण जडपणा, म्हणजे हेच कॅल्शियम-मॅग्नेशियम, लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत चांगला मानतात, आणि दुसरी सोयच नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतात. पाणी प्यायला चालतं म्हणजे दाढीलाही चालेल, असं नाही.

बाटलीची परीक्षा

आपल्या घरी हेच कारण आहे का, हे दोन मिनिटांत कळतं. एकसारख्या दोन बाटल्या घ्या. एकीत संशयातलं पाणी अर्धं भरा, दुसरीत आरओचं. दोन्हींत दाढीच्या क्रीमचा किंवा अंगाच्या साध्या साबणाचा वाटाण्याएवढा तुकडा टाका, बूच लावून वीस-तीस वेळा हलवा आणि ठेवून द्या. आरओच्या बाटलीत फेसाची टोपी राहील आणि खालचं पाणी बऱ्यापैकी स्वच्छ दिसेल. जड पाण्यात फेस कमी येईल, लवकर मरेल, आणि पाणी दुधाळ होऊन वर दही फाटल्यासारखा चोथा तरंगेल. शाम्पू किंवा भांड्यांचं लिक्विड वापरू नका. ते जड पाण्यातही बऱ्यापैकी फेस देतं, म्हणजे परीक्षा फसते.

भाच्याने पहिल्यांदा नेमकं लिक्विडच वापरलं आणि "मामा, दोन्हीकडे सारखंच आहे" म्हणून विजयी मुद्रेने आला.

तो चोथा म्हणजे वाया गेलेला साबण. दाढीचा साबण मुख्यतः स्टिअरिक आम्लापासून होतो. पोटॅशियमबरोबर केला तर मऊ, क्रीमसारखा. सोडियम वाढवलं तर घट्ट, वडीसारखा. पाण्यातला कॅल्शियमचा एक कण साबणाचे दोन रेणू धरून ठेवतो, आणि जे तयार होतं ते पाण्यात विरघळत नाही. बोरिंगच्या दिवशी बादलीच्या कडेला जो चिकट पांढरा थर बसतो ना, तोच हा. इतकंच नाही, चोथ्याचे हे बारीक कण बुडबुड्यांच्या पडद्यात घुसून त्यांना फोडतातसुद्धा. म्हणजे साबण खाऊन वर जो शिल्लक आहे त्याच्याही फेसाला सुरुंग.

पण इथे मी थांबलो, कारण हिशेब जुळेना.

समजा पाण्याचा जडपणा लिटरला 400 मिलिग्रॅम. एका दाढीला वाटी, ब्रश आणि ओला चेहरा मिळून 20 मिलिलिटर पाणी फेसात शिरतं असं धरू. त्यातला जडपणा साधारण 50 मिलिग्रॅम साबण गिळेल. बदामाएवढं क्रीम घेतलं, म्हणजे ग्रॅमभर, आणि त्यात तिसरा हिस्सा साबण धरला, तर सव्वातीनशे मिलिग्रॅम होतो. त्यातले 50 गेले तर सातवा हिस्सा गेला. वाईट आहे, पण एवढ्याने फेसाचं पाणी होऊ नये.

मग मी दुसऱ्या दिवशी त्याच्या मागे उभा राहून बघितलं. पठ्ठ्या क्रीम घेत होता हरभऱ्याएवढं! "मामा, ट्यूब दोन महिने पुरवायची आहे." हरभऱ्याएवढ्या क्रीममध्ये साबण शंभर मिलिग्रॅम. त्यातले 50 बोरिंगने खाल्ले. अर्धा साबण गेला, आणि उरलेल्या अर्ध्याच्या नरडीला चोथा. नर्मदेच्या दिवशी हीच काटकसर खपून जात होती, कारण पाणी माफ करत होतं. बोरिंगच्या दिवशी करत नव्हतं. म्हणून एक दिवस फेस, एक दिवस फुसका.

याचा पडताळा कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये मिळाला. तिथे वर्षभर बोरिंगचंच पाणी, आणि फेस कधी पडलेला बघितला नाही. मी विचारलं तर सलूनवाला ब्रश न थांबवता म्हणाला, "भिया, पानी को मत कोसो, क्रीम बढ़ाओ." त्याने ब्रशवर पिळलेली क्रीमची रेघ बघितली तर भाच्याला झीट आली असती.

म्हणून औषध स्वस्त आहे. सगळ्या घराचं पाणी मऊ करायच्या यंत्राची मुळीच गरज नाही. बोरिंगच्या दिवशी क्रीम बदामाएवढं घ्या, वडी असेल तर तिच्यावर ब्रश नेहमीपेक्षा अर्धा मिनिट जास्त फिरवा. आणि ब्रश भिजवायला व फेस घोटायला एक कप आरओचं पाणी वेगळं घ्या. तोंड धुवायला, रेझर विसळायला नळाचंच चालेल. कपभर पाण्याने काही बिघडत नाही.

एक इशारा मात्र. आमच्याकडे आरओमधून बाहेर पडणारं टाकाऊ पाणी बादलीत साठवतात, फरशी पुसायला. भाच्याने मोठ्या हुशारीने तेच तापवून घेतलं, "आरओचंच तर आहे." ते पाणी तर बोरिंगपेक्षाही जड! आरओ ज्या क्षारांना अडवतो, ते सगळे त्या बादलीत जमा झालेले असतात. त्या दिवशी त्याचा फेस वाटीतच मेला, चेहऱ्यापर्यंत पोचलाच नाही.

आरओ नसेल तर रात्री पाणी खळखळून उकळून ठेवा. आपल्याकडच्या जडपणाचा मोठा भाग बायकार्बोनेटचा असतो, तो उकळल्यावर भुकटीच्या रूपात खाली बसतो. चहाच्या भांड्याला आतून जो पांढरा थर चढतो तोच. सकाळी वरचं निवळ पाणी घ्या, तळ हलवू नका. सल्फेट-क्लोराइडमुळे आलेला जडपणा मात्र उकळून जात नाही, म्हणून काही घरांत याने अर्धाच फरक पडेल.

लिंबू पिळून पाणी मऊ होतं असं कोणीतरी सांगेल. भाच्याला सांगितलंच होतं. आंबटाने साबण फाटतो आणि फेसाऐवजी तेलकट लिबलिब हाती येते. धुण्याच्या सोड्याने पाणी मऊ होतं हे खरं, पण तो बादलीसाठी ठेवा, गालांसाठी नको.

घोटताना हाताकडे बघा

आता पाणी सुधारलं, क्रीम वाढवलं, तरी फेस बसतो असं असेल तर गडबड हाताची आहे. बहुतेक जण एकच चूक करतात: सुरुवातीलाच वाटीत पाणी ओततात.

ब्रश भिजवून काढा आणि दोनदा झटका, इतका की त्यातून थेंब गळू नये. वाटीच्या तळाला क्रीम लावा आणि ब्रशची नुसती टोकं फिरवायला सुरुवात करा, दाबू नका. सुरुवातीला चपचप आवाज येतो आणि मोठे बुडबुडे दिसतात, धुण्याच्या बादलीसारखे. इथे माणसाला वाटतं झालाच फेस, आणि तो तोंडाला लावतो. तो फेस नव्हे, तो हवेचा फुगा आहे. फिरवत राहा. मिनिटभरात बुडबुडे बारीक होतात, आवाज जाड होत जातो, ब्रश जरासा अडल्यासारखा वाटतो. आता बोटं बुडवून चार-पाच थेंब पाणी शिंपडा आणि पुन्हा घोटा. पुन्हा थेंब, पुन्हा घोटा. असं तीन-चारदा. एका क्षणी आवाज जवळपास बंद होतो आणि फेसावर चमक येते, साखर घालून नुकत्याच फेटलेल्या चक्क्यावर येते तशी. तिथे थांबायचं.

किती पातळ? आमच्या इंदूरच्या माणसाला मी असं सांगतो: चक्क्यापेक्षा सैल, शिकंजीपेक्षा घट्ट. (बाहेरच्यांनी हसू नये. इंदूरची शिकंजी म्हणजे लिंबूपाणी नव्हे. ती दूध-दह्याची, सुक्या मेव्याची, चमच्याने खावी अशी दाट असते.) ब्रश उचलला की शेंडा उभा राहून हलकेच वाकला पाहिजे. शेंडा ताठ खडा राहिला तर पाणी कमी आहे. असा फेस दिसतो राजबिंडा, पण चेहऱ्यावर वाळतो आणि पातं ओढत जातं. शेंडा राहिलाच नाही तर पाणी जास्त. तेव्हा थोडं क्रीम थेट ब्रशवर घ्या आणि पुन्हा घोटा, सगळं फेकून द्यायची गरज नाही.

खात्री करायची असेल तर थोडा फेस हाताच्या पाठीवर लावा आणि तीन मिनिटं घड्याळ बघा. कडेने पाणी सुटलं किंवा फेसातून कातडी दिसायला लागली तर तो दाढीला पुरणार नाही.

पाण्याच्या गरमपणाबद्दलही एक सांगतो. थंडीत भाचा गीझरचं कढत पाणी वाटीत घालायचा. कढत पाण्यात फेस पातळ होतो आणि त्यातलं पाणी लवकर खाली उतरतं. कोमट पुरे. डिसेंबर-जानेवारीत स्टीलची वाटी बर्फासारखी गार असते, ती आधी गरम पाण्याने विसळा, पाणी फेकून द्या, मग क्रीम घाला. एप्रिल-मेमध्ये उलटं: कोरड्या हवेत फेस गालावरच वाळतो. तेव्हा अर्ध्याच चेहऱ्याला लावा, तो उरका, मग दुसरा अर्धा. उरलेला फेस वाटीत सुरक्षित राहतो.

ब्रश, तेल आणि तुरटी

ब्रशवर मी कमीच बोलणार, कारण त्याच्यावर आधीच अन्याय झालाय. डुकराच्या केसांचा ब्रश असेल तर तो तीन-चार मिनिटं पाण्यात भिजत ठेवा. नवा असताना तो फेस पितो, तो त्याचा स्वभाव आहे. पंधरा-वीस दाढ्यांनंतर केसांची टोकं फाटून मऊ होतात आणि मग तो फेस सोडायला लागतो. नायलॉनच्या ब्रशला भिजवणं लागत नाही, पण तो पाणी धरूनही ठेवत नाही, म्हणून त्यात थेंब थेंब पाणी घालणं जास्त महत्त्वाचं. जड पाण्यात वर्षभर वापरलेल्या ब्रशच्या मुळाशी तोच चोथा साचतो आणि केस कडक होतात. कपभर कोमट पाण्यात चमचाभर पांढरं व्हिनेगर घालून त्यात पाच मिनिटं ठेवा, मग भरपूर धुवा, झटका आणि वाळवा. व्हिनेगर राहिलं तर तेच लिंबासारखं वागेल.

तेल हा फेसाचा जुना वैरी. दाढीआधी खोबरेल चोळणारे असतात. चेहरा मऊ होतो खरा, पण नीट धुतलं नाही तर फेस जागच्या जागी बसतो. वाटी कढईच्या स्पंजने धुवू नका. त्या स्पंजमधला तेलाचा अंश पुरतो.

आणि शेवटी तुरटी, जिने मला स्वतःला दोन दिवस वेडं केलं. सगळं सुधारल्यावरही एकदा भाच्याचा फेस नर्मदेच्या दिवशी, बदामाएवढ्या क्रीमने, आरओच्या पाण्यात पडला. माझा सगळा सिद्धांत कोसळायची वेळ. वाटी उलटी करून बघितली, हुंगली, तळाला बोट फिरवलं तर खरखरीत लागलं. दाढी झाल्यावर गालावर तुरटी फिरवून हा ती ओली तशीच वाटीत ठेवून द्यायचा. पाणी सुटून तळाला तुरटीचा पातळ थर वाळलेला. तुरटीत ॲल्युमिनियम असतं, आणि ते साबणाला कॅल्शियमपेक्षाही वाईट वागवतं. वाटी घासून धुतली, ब्रश धुतला आणि तुरटीला खिडकीत वेगळी बशी दिली. माझ्या वडिलांची तुरटी कायम खिडकीतल्या फुटक्या बशीत असायची. लहानपणी मला वाटायचं, चांगली बशी वाया घालवायची नाही म्हणून तसं.

उन्हाळ्यात नळ लांबतात आणि टँकर येतो, तेव्हा कॅलेंडरचा काही उपयोग नाही. टँकर कुठलं पाणी आणतो ते त्याचं तो जाणे. त्या दोन बाटल्या आता बाथरूमच्या फळीवरच असतात. टँकर खाली झाला की भाचा आधी बाटली हलवतो, दोन मिनिटं थांबतो, आणि मग ठरवतो ट्यूब किती दाबायची ते.